धर्मगुरूंसाठी सरकारने झेंडा अर्ध्यावर आणावा का?

पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ ला गेले आणि बघता बघता जगातल्या कितीतरी देशांचे झेंडे अर्ध्यावर आले. अर्जेंटिना म्हणजे त्यांचा स्वतःचा देश, तिथे सात दिवसांचा दुखवटा, ब्राझीलमध्येही सात, इटलीत पाच, स्पेनमध्ये तीन. भारतात २२ आणि २३ एप्रिल आणि मग अंत्यसंस्काराचा दिवस म्हणजे २६ एप्रिल, असे तीन दिवस. अमेरिकेत सगळ्या सरकारी इमारतींवर, थेट दफनाच्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत. फ्रान्समध्ये अंत्यसंस्काराच्या दिवशी, आणि तिथे लगेच वादही सुरू झाला की सरकार आणि धर्म वेगळे आहेत ना, मग हे कसं काय.

तेव्हापासून हा प्रश्न मनात आहे, आज जरा सविस्तर लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते. धर्मगुरू कितीही मोठे असले तरी निव्वळ धर्मगुरू म्हणून सरकारने त्यांच्यासाठी राष्ट्रध्वज खाली आणू नये. हे धर्मावरच्या रागातून लिहीत नाहीये. माझी स्वतःची श्रद्धा आहे, गुरू या माणसाचं आयुष्यात काय स्थान असतं ते मला माहितीये, आणि म्हणूनच त्या नात्यात मंत्रालयातलं परिपत्रक आलेलं मला नको वाटतं.

झेंडा अर्ध्यावर आणतात म्हणजे नेमकं काय करतात हे बऱ्याच जणांनी जवळून पाहिलेलं नसतं. सकाळी तो चढवताना मध्येच थांबवत नाहीत. आधी पूर्ण वर नेतात, काठीच्या टोकापर्यंत, क्षणभर तिथे ठेवतात आणि मग दोरी हळूहळू सोडत अर्ध्यावर आणतात. संध्याकाळी उतरवतानाही अर्ध्यावरून सरळ खाली आणायचा नाही, पुन्हा एकदा टोकापर्यंत वर न्यायचा आणि मग खाली. दोरी धरणाऱ्या हवालदाराला हे सगळं न अडखळता करायचं असतं, बाकीचे सावधान उभे असतात. मला ही पद्धत फार आवडते कारण त्यात आधी देशाचा मान आहे आणि मग गेलेल्या माणसाचा शोक आहे, हा क्रम कोणासाठीही उलटा होत नाही.

मग रस्त्याने जाणारा कोणीतरी वर बघतो आणि शेजारच्याला विचारतो, कोण गेलं हो? माझ्या मते सगळा प्रश्न इथेच आहे. उत्तर ऐकल्यावर त्या माणसाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो नाहीतर देव न मानणारा असो, आपलं कोणीतरी गेलं असं वाटायला हवं. निदान ज्याने आपलं काम केलं, ज्याच्या पदावर आपलाही हक्क होता असा कोणीतरी. राष्ट्रपती आवडते असोत नसोत, ते माझे राष्ट्रपती असतात. सरन्यायाधीशांचा निकाल मला पटो न पटो, ते माझ्याही कोर्टाचे सरन्यायाधीश. पण दुसऱ्या पंथाचे आचार्य माझे आचार्य नसतात आणि माझे गुरू शेजाऱ्याचे गुरू नसतात, आणि यात कोणाचाही अपमान नाही.

नियम लिहिणाऱ्यांनी हे बरोबर ओळखलं होतं असं दिसतं. भारताची ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे, त्यात कोण गेल्यावर झेंडा कुठे अर्ध्यावर यायचा हे सांगितलंय. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान गेले तर देशभर. लोकसभेचे अध्यक्ष किंवा सरन्यायाधीश गेले तर दिल्लीत. केंद्रातले कॅबिनेट मंत्री गेले तर दिल्लीत आणि राज्यांच्या राजधान्यांत, राज्यपाल किंवा मुख्यमंत्री गेले तर त्या राज्यात. सगळी पदं आहेत, सगळी घटनेने दिलेली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ मध्ये असाच नियम घालून दिला, राष्ट्राध्यक्ष गेले तर तीस दिवस, उपराष्ट्राध्यक्षांसाठी दहा, वगैरे. दोन्हीकडे पदांच्या यादीत धर्मगुरू नाहीत.

पण दोन्हीकडे एक मोकळी जागा ठेवलेली आहे, की सरकारला वाटलं तर इतरांसाठीही आदेश काढता येतो. आणि धर्मगुरू त्या मोकळ्या जागेतूनच आत येतात.

पोपच्या बाबतीत सरकारांचं ठरलेलं उत्तर असतं की पोप हे व्हॅटिकन या देशाचे प्रमुख आहेत, आणि आम्ही परदेशी राष्ट्रप्रमुख गेल्यावर जे करतो तेच केलं. कागदावर हे खरं आहे. १९२९ च्या लॅटरन करारापासून व्हॅटिकन हा स्वतंत्र देश आहे, त्याचे दूतावास आहेत, राजदूत आहेत. जॉन पॉल दुसरे २ एप्रिल २००५ ला गेले तेव्हा फ्रान्समध्ये सरकारी इमारतींवरचे झेंडे खाली आले, १९०५ च्या कायद्याने सरकार आणि चर्च वेगळं करणारा देश हा, तिथल्या लोकांनी विचारलं असं का, तेव्हाही सरकारने हेच सांगितलं होतं.

मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. व्हॅटिकनची लोकसंख्या हजारही भरत नाही. इतक्या छोट्या देशाचा प्रमुख गेला म्हणून कोण सात दिवस दुखवटा पाळतं? तो दुखवटा अब्जाहून जास्त कॅथलिकांच्या धर्मगुरूसाठी असतो आणि ते सगळ्यांना माहिती असतं, राष्ट्रप्रमुखपद फक्त फाइलवर लिहायला उपयोगी पडतं. आणि मग ज्यांच्या धर्मगुरूकडे स्वतःचा देश नाही त्यांनी काय करायचं? इस्माइली या शिया मुस्लिम पंथाचे धर्मगुरू आगा खान चौथे फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले. त्यांच्याकडे एक इंचही राज्य नव्हतं, पण त्यांच्या संस्थांनी उभी केलेली हॉस्पिटलं, शाळा, विद्यापीठं कितीतरी देशांत आहेत. पाकिस्तानने त्यांच्यासाठी ८ फेब्रुवारीला एक दिवस झेंडे अर्ध्यावर ठेवले. दोन धर्मगुरू अडीच महिन्यांच्या अंतराने गेले आणि जगाने त्यांना किती वेगळं मोजलं. कॅथलिकांच्या गुरूकडे एके काळी इटलीत मोठं राज्य होतं आणि त्याचा एक तुकडा उरला, इस्माइलींच्या गुरूकडे तसा काही उरला नाही, हा इतिहासातला योगायोग आहे. अशा योगायोगावर आदराची उंची ठरवायची हे मला पटत नाही.

आणि मोजणं म्हटलं की भारतातल्या राज्यांकडे बघावं लागतं. जानेवारी २०१९ मध्ये सिद्धगंगा मठाचे शिवकुमार स्वामी वयाच्या १११ व्या वर्षी गेले, कर्नाटकात तीन दिवसांचा दुखवटा आणि सरकारी सुट्टी. फेब्रुवारी २०२४ मध्ये जैन आचार्य विद्यासागर महाराजांनी डोंगरगडला देह ठेवला, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशात अर्ध्या दिवसाचा दुखवटा. सत्य साईबाबा २०११ मध्ये गेले तेव्हा शासकीय इतमामात अंत्यसंस्कार. यातल्या कोणाच्याही मोठेपणाबद्दल मला एक शब्द बोलायचा नाही. शिवकुमार स्वामींच्या मठात जात न बघता हजारो मुलांच्या राहण्याजेवणाची आणि शिक्षणाची सोय होती, असं काम करणाऱ्या माणसापुढे आपोआप हात जोडले जातात. पण तीन दिवस कोणाला आणि अर्धा दिवस कोणाला हे कोणी ठरवलं, कशावरून ठरवलं? विद्यासागर महाराजांच्या एखाद्या भक्ताने विचारलं की आमच्या आचार्यांना अर्धाच दिवस का, तर त्याला द्यायला सरकारकडे उत्तर काय आहे? लिहिलेला निकष नाही. मग लोक आपापला अर्थ लावतात, की त्या समाजाची मतं जास्त, त्या मठाचं वजन जास्त, निवडणूक जवळ आहे. खरंच तसं असेल नसेल, पण असा संशय घ्यायला जागा राहिली हेच वाईट, कारण त्या संशयाचा डाग गेलेल्या माणसावर पडतो आणि बिचारे काही बोलायलाही राहिलेले नसतात. आयुष्यभर अपरिग्रह पाळलेल्या दिगंबर मुनींच्या नावापुढे किती तासांचा सरकारी दुखवटा अशी नोंद व्हावी, हे त्यांच्या साधनेशी कुठे जुळतं तेच मला कळत नाही.

एका धर्मगुरूसाठी केलं की दुसऱ्यासाठी न करणं हा आपोआप एक संदेश होतो. सरकार काही बोललेलं नसतं तरी होतो. आणि सगळ्यांसाठी करायचं म्हटलं तर पंथ किती, पीठं किती, मठ किती, गाद्या किती, कोणाची परंपरा खरी यावर कोर्टात केसेस चालू असतात, त्यात सरकारने पडायचं का? आज यांच्यासाठी झेंडा खाली आणला म्हणजे वारस म्हणून यांनाच मान्यता दिली असाही अर्थ निघू शकतो.

इटलीतलं उदाहरण मला फार बोलकं वाटलं. तिथला पाच दिवसांचा दुखवटा २२ ते २६ एप्रिल होता आणि त्यात २५ एप्रिल आला. हा त्यांचा मुक्तिदिन, फॅसिझम आणि नाझी कब्जा संपल्याचा दिवस, आणि २०२५ मध्ये त्याला बरोबर ८० वर्षं होत होती. एका मंत्र्यांनी सांगितलं की कार्यक्रम करा पण संयमाने करा, दुखवटा आहे, आणि त्यावरून देशभर वाद पेटला, की आमच्या स्वातंत्र्याचा दिवस आम्ही दबक्या आवाजात का साजरा करायचा. मला दोन्हीकडचे लोक समजतात. पोपवर प्रेम करणाऱ्याला तो आठवडा खरंच जड गेला असेल, आणि ज्याच्या आजोबांनी जंगलात राहून लढा दिला त्याला २५ एप्रिल हा कोणापुढेही झुकवायचा दिवस वाटत नसेल. या दोघांना समोरासमोर उभं करायची गरजच नव्हती, ते सरकारी दुखवट्याने केलं. भारताच्या ध्वजसंहितेत याची काळजी घेतलेली आहे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा दिवशी मोठं निधन झालं तरी देशभर झेंडे खाली येत नाहीत, फक्त ज्या इमारतीत पार्थिव आहे तिथलाच येतो आणि पार्थिव हलवलं की तोही परत वर जातो.

आणि २२ एप्रिल २०२५ ची दुपार मला विसरता येत नाही. भारतात झेंडे आधीच अर्ध्यावर होते, पोपसाठी. त्याच दुपारी पहलगामला २६ माणसं मारली गेली. देशाचं स्वतःचं दुःख आलं तेव्हा झेंडा आधीच खाली होता. यात कोणाचाही दोष नाही, असं होईल हे कोणाला माहिती असणार होतं, पण झेंडा किती जपून खाली आणायला हवा हे मला त्या दिवशी फार जाणवलं. त्याच्याकडे शोक सांगायची एकच खूण आहे.

आता समोरून येणारा सगळ्यात दमदार मुद्दा, आणि तो मला सहज बाजूला सारता येत नाही. मार्टिन ल्यूथर किंग हे बॅप्टिस्ट पाद्री होते. ४ एप्रिल १९६८ ला त्यांची हत्या झाली, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ७ एप्रिल हा राष्ट्रीय शोकदिन जाहीर केला आणि दफन होईपर्यंत झेंडे अर्ध्यावर ठेवायला सांगितले. जॉर्जियाचे गव्हर्नर लेस्टर मॅडॉक्स वंशभेदाचे कट्टर समर्थक, त्यांना हे अजिबात मान्य नव्हतं. आता त्या दिवशी झेंडा खाली आला नसता तर? मला तर वाटतं त्या शतकात अमेरिकेचा झेंडा ज्या थोड्या वेळांना अगदी योग्य माणसासाठी खाली आला त्यातली ही एक. तसंच डेस्मंड टूटू. आर्चबिशप होते, २६ डिसेंबर २०२१ ला गेले, दक्षिण आफ्रिकेने अंत्यसंस्काराच्या आदल्या संध्याकाळपर्यंत झेंडे अर्ध्यावर ठेवले. कोणाला गैर वाटेल?

मला नाही वाटत गैर. पण हे झेंडे कशासाठी खाली आले ते बघा ना. किंग यांच्यासाठी तो बॅप्टिस्ट चर्चने त्यांना दिलेल्या जागेमुळे आला नाही, मतदानाचा हक्क, बसमध्ये बसायचा हक्क, कायद्यासमोर बरोबरी, या सगळ्यांच्या गोष्टींसाठी ते लढले म्हणून आला. टूटूंना १९८४ चं नोबेल शांतता पारितोषिक वर्णभेदाविरुद्धच्या कामासाठी होतं आणि नंतर सत्य आणि समेट आयोगाचे ते अध्यक्ष होते, अत्याचार झालेल्यांची साक्ष ऐकता ऐकता टेबलावर डोकं टेकवून सगळ्यांसमोर रडले होते. ते देशाचं काम होतं आणि त्यांनी ते देशाच्या वतीने केलं. चर्चला न जाणारा, मशिदीत जाणारा, कुठेच न जाणारा दक्षिण आफ्रिकन माणूससुद्धा त्या दिवशी म्हणू शकत होता की आपला माणूस गेला. श्रद्धेतून त्यांना बळ मिळालं हे खरंच आहे, ते नाकारायचं काही कारण नाही. याच्या उलट बिली ग्रॅहम, फार मोठे धर्मप्रचारक, २०१८ मध्ये गेले तेव्हा दफनाच्या दिवशी अमेरिकेत झेंडे अर्ध्यावर होते. त्यांचं मुख्य काम म्हणजे लोकांना ख्रिस्ताकडे वळवणं, ते त्यांनी आयुष्यभर निष्ठेने केलं, पण ते सरकारचं काम नाही आणि इतर धर्माच्या नागरिकाच्या वतीने त्यासाठी झेंडा खाली आणता येत नाही.

सीमारेषा धूसर आहे हे मान्य. कोणी म्हणेल प्रत्येक संताचं काम सगळ्यांसाठीच असतं. म्हणूनच मला वाटतं की हा निर्णय एकट्या मुख्यमंत्र्यांच्या किंवा राष्ट्राध्यक्षांच्या सहीवर सोडू नये. पदावरच्या माणसांसाठी नियम लिहिलेला आहेच, त्याबाहेरच्या कोणासाठीही, मग धर्मगुरू असो, गायक असो की खेळाडू, सरकार आणि विरोधी पक्ष दोघांची सहमती लागावी आणि कारण दोन ओळींत लिहून जाहीर करावं, की या व्यक्तीने सगळ्या नागरिकांसाठी अमुक केलं. ते कारण धर्माचं नाव न घेता लिहिता आलं तर जरूर झेंडा खाली आणा. किंग आणि टूटू यांचं ते कारण कोणीही एका मिनिटात लिहील.

ही रेषा आखली नाही तर कुठवर जातं त्याचं उदाहरण स्पेनमध्ये आहे. २०१७ मध्ये तिथल्या संरक्षण मंत्रालयाने ईस्टरच्या आठवड्यात लष्करी तळांवरचे झेंडे अर्ध्यावर ठेवायला लावले, येशू ख्रिस्ताच्या मृत्यूचा शोक म्हणून. जुनी प्रथा आहे असं सांगितलं गेलं. त्या सैन्यात मुस्लिम जवान आहेत, काहीच न मानणारे आहेत, सगळ्यांनी त्याच झेंड्याला सलाम करायचा.

आणि सौदी अरेबियात याच्या अगदी उलटं. तिथल्या झेंड्यावर कलमा लिहिलेला आहे म्हणून तो कोणासाठीच अर्ध्यावर येत नाही. जानेवारी २०१५ मध्ये राजे अब्दुल्ला गेले, लंडनमध्ये सरकारी इमारतींवरचे आणि वेस्टमिन्स्टर ॲबीवरचे झेंडे त्यांच्यासाठी खाली आले आणि त्यावरून तिथल्या खासदारांनी नाराजीही व्यक्त केली, पण रियाधमध्ये झेंडा पूर्ण वरच होता. राजांना त्याच दिवशी साध्या, नाव नसलेल्या कबरीत दफन केलं. सौदी राज्यव्यवस्थेतलं मला बरंच काही मान्य नाही, पण झेंडा खाली न आणल्याने मृताचा मान कमी होत नाही हे तिथे दिसतं.

गंमत नाही, खरंच सांगते, मोठे धर्मगुरू स्वतःच हा थाट नको म्हणून गेलेत. टूटूंनी स्वतःसाठी सगळ्यात साधी शवपेटी मागितली होती, साध्या पाइनच्या लाकडाची, मुठींच्या जागी दोरखंड. पोप फ्रान्सिस यांनी मृत्युपत्रात लिहिलं होतं की थडगं जमिनीत असावं, साधं, सजावट नको, वर फक्त फ्रान्सिस्कुस एवढं एकच नाव. अशा माणसासाठी पन्नास देशांच्या अधिकाऱ्यांनी दुखवट्याचे दिवस मोजत बसावं?

मग सरकारने काहीच करू नये का? उलट, भरपूर करावं. मोठे गुरू जातात तेव्हा लाखो माणसं घरातून निघतात, म्हातारी माणसं, लहान मुलं घेतलेल्या बायका, रात्रभर प्रवास करून. त्यांची काळजी घेणं हे सरकारचं खरं काम आहे आणि ते दुसरं कोणी करू शकत नाही. जानेवारी २०१४ मध्ये दाऊदी बोहरांचे सय्यदना बुऱ्हाणुद्दीन गेले, मुंबईत मलबार हिलला त्यांच्या अंत्यदर्शनासाठी रात्री प्रचंड गर्दी झाली आणि पहाटेच्या चेंगराचेंगरीत १८ जणांचा जीव गेला. आपल्या गुरूंना शेवटचं बघायला गेलेली माणसं परत आली नाहीत. १९८९ मध्ये तेहरानला इराणचे सर्वोच्च धार्मिक नेते खोमेनी यांच्या अंत्ययात्रेतही गर्दी इतकी हाताबाहेर गेली की लोकांचे बळी गेले आणि पार्थिव हेलिकॉप्टरने हलवावं लागलं. याच्यासमोर २००५ चं रोम ठेवा. जॉन पॉल यांच्या दर्शनाला लाखो लोक, कित्येक तासांची रांग, पण तिथे पाण्याच्या बाटल्या वाटल्या जात होत्या, स्वयंसेवक होते, वैद्यकीय मदत होती, आणि गर्दी आवरेना तेव्हा रांग बंद करतोय हे वेळेवर सांगितलं गेलं. लोक सुखरूप घरी गेले.

मला कोणी विचारलं की माझ्या गुरूंसाठी सरकारकडून काय हवं, तर मी हेच मागेन. येणाऱ्या जाणाऱ्या वाटा वेगळ्या ठेवा, अरुंद गल्लीत गर्दी साचू देऊ नका, जादा गाड्या सोडा, पाणी ठेवा, ॲम्ब्युलन्स आत जाईल एवढी जागा ठेवा, ज्यांना जायचंय त्यांना एक दिवस रजा द्या. मंत्र्यांना यायचं असेल तर भक्त म्हणून रांगेत यावं, व्हीआयपी ताफ्यामुळे दर्शन थांबवू नये. पंतप्रधानांनी चार ओळींचा शोकसंदेश पाठवावा, त्यात काहीच वावगं नाही.

नियम मात्र आधीच करून ठेवायला हवेत, कोणीही आजारी नसताना. कारण ज्या दिवशी कोणीतरी जातं त्या दिवशी यावर चर्चाच करता येत नाही. संध्याकाळी बातमी येते, रात्री परिपत्रक निघतं, सकाळी झेंडे खाली, आणि त्या वेळी कोणी तोंड उघडलं की तो त्या समाजाचा शत्रू ठरतो. मॅडॉक्ससारखा द्वेषाने विरोध करणारा आणि तत्त्व म्हणून विचारणारा, दोघं एकाच रांगेत जातात. ध्वजसंहितेत एक परिच्छेद वाढवायला घटनादुरुस्ती लागत नाही. पदाबाहेरच्या व्यक्तींसाठी निकष काय, सहमती कोणाची, जास्तीत जास्त किती दिवस, आणि राष्ट्रीय सणाच्या दिवशी काय, एवढं लिहिलं तरी पुढच्या वेळी कोणत्याही मठाला, चर्चला किंवा जमातीला आपल्या गुरूंचे दिवस दुसऱ्यांच्या दिवसांशी ताडून बघावे लागणार नाहीत.